अर्ध्या स्वराचे दोन आठवडे

रूथ, नील,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रूथने विचारलं, "आजी, वेअर यू फेमस?" मी "नो" म्हटलं, आणि तेवढ्यात तुमच्या आईने तुम्हाला पोहायला जायची घाई केली. उत्तर अर्धंच राहिलं. इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आहे, तेव्हा दोन्ही कामं एकाच कागदावर करते. मंडळाच्या वाचकांनी पत्राची भाषा चालवून घ्यावी. तुम्ही दोघांनी हे आईकडून वाचून घ्यावं, आणि तिने मधलं काही गाळल्याचा संशय आला तर मला कळवावं.

मी गायिका होते. युरोपातलं बरोक नावाचं शास्त्रीय संगीत गात होते. काळ सांगायचा तर शहाजीराजांपासून पेशवाईच्या मध्यापर्यंत आपल्याकडे जे चाललं होतं ते चाललं असताना तिकडे हे संगीत लिहिलं जात होतं. दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक लिफ्टमध्ये विचारायचे, "म्हणजे ऑपेरा का?" मी हो म्हणायचे. लिफ्ट चारच मजले चढते, तेवढ्यात याहून जास्त सांगता येत नाही.

इथे जागा आहे म्हणून सांगते. या गाण्यात आवाज सरळ ठेवतात, फार हलवत नाहीत. सोबतीला मोठा ऑर्केस्ट्रा नसतो. चार-पाच व्हायोलिनं, एक चेलो आणि हार्प्सिकॉर्ड. हार्प्सिकॉर्ड दिसायला लांबट पियानो, पण पियानोत तारेवर हातोडी पडते आणि यात तार छेडली जाते, सतारीसारखी. गाण्याचे बहुधा तीन भाग असतात: पहिला, दुसरा, आणि परत पहिला. तिसऱ्या वेळी कागदावर काही नवीन लिहिलेलं नसतं, फक्त पुन्हा सुरुवातीपासून असं म्हटलेलं असतं. पण तेच तसंच गाणारीला कोणी परत बोलावत नाही. तिथे तिने आपल्या मनाने जागा घ्यायच्या, सजवायचं. सगळी परीक्षा त्या तिसऱ्या भागात.

आता असलं गाणं दुबईत कोण ऐकतं, हा प्रश्न नीलच्या चेहऱ्यावर मला इथूनही दिसतो. बरीच वर्षं फारसं कोणी ऐकत नव्हतं. सकाळी मी शाळेत संगीत शिकवायची, आणि डिसेंबरात हॉटेलांच्या लॉबीत, नाताळासाठी उभारलेल्या माणसापेक्षा उंच बिस्किटाच्या घराशेजारी उभी राहून गायची. एकदा अबू धाबीला अल रीम आयलंडवर एका नव्या टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये गायला बोलावलं होतं. विक्री बघणारा मुलगा फार नम्र होता. त्याने मला किचनच्या ओट्याजवळ उभं केलं आणि म्हणाला, मॅडम, एवढंच हळू गा की लोकांना बोलता येईल. मी दोन तास तसं गायले. एक पंजाबी जोडपं माझं गाणं संपेपर्यंत थांबलं. मला वाटलं ऐकताहेत. बाईंनी विचारलं, "आप ज़रा हटेंगी? ड्रॉअर देखना था।"

आणि एकदा एका एमिराती बाईंनी आपल्या आईसाठी बागेत बोलावलं होतं. म्हातारी डोळ्यांनी अधू होती. प्रत्येक गाण्याआधी तिने शब्दांचा अर्थ विचारला, लेकीने अरबीत सांगितला. शेवटच्या गाण्याचा अर्थ सांगायला लेक तोंड उघडणार तोच म्हातारीने हात वर केला. खलास, म्हणजे पुरे, म्हणाली, हे मला कळलं. तिचं कोणीतरी गेलं होतं आणि गाणं मृत्यूचंच होतं. त्या दिवशी मात्र मी टॅक्सीने घरी येताना बिस्किटाच्या घरांची सगळी वर्षं माफ करून टाकली.

पण रूथच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे ते दोन आठवडे, तेच नीट सांगते.

मी त्रेपन्न वर्षांची होते. विलेम नावाच्या एका डच माणसाने इथे बरोक संगीताचा वाद्यवृंद उभा केला होता. तो दिवसभर बंदरांच्या कामातला इंजिनियर आणि संध्याकाळी कंडक्टर. हौशी नव्हे, पक्का. त्याची व्हायोलिनं जुन्या पद्धतीची, आतड्याच्या तारांची. त्याला एक कायमची ऑल्टो हवी होती; ऑल्टो म्हणजे बायकांचा खालचा आवाज, माझा तोच. त्याने मला एक मोठं एकल गाणं दिलं आणि स्पष्ट सांगितलं, की अल रीमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये हा कार्यक्रम नीट झाला तर पुढची सगळी वर्षं जागा तुमची. नाही झाला तर त्याला दुसरी शोधावी लागेल. माझ्या वयाच्या बाईला अशी विचारणा पुन्हा होत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी चार महिने तयारी केली. तुम्हाला माझी कपाटं माहीत आहेत; तयारीही तशीच. घरातल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर रोज सकाळी शाळेआधी पाऊण तास. तिसऱ्या भागातल्या सगळ्या जागा पेन्सिलीने लिहून, तीन पानं, वर तारखा. तुमचे आजोबा आंघोळ करताना ते गाणं गुणगुणायला लागले तेव्हा मी समजले की आता झालं.

तालमी दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होत. कारण विचित्र आहे. हार्प्सिकॉर्ड लाकडाचा, आणि इथल्या दमट हवेत तो तासाभरात बेसूर होतो. दाऊदभाई म्हणून श्रीवर्धनकडचे एक गृहस्थ तिथे सुतारकामाचा कारखाना चालवतात. त्यांच्याकडे उंची लाकडाचे पातळ पापुद्रे ठेवायची खोली आहे, तिथे हवा बाराही महिने एकसारखी राखतात. विलेमने परदेशातून हार्प्सिकॉर्डचे सुटे भाग मागवले, दाऊदभाईंच्या माणसांनी तो जुळवला आणि तो त्या खोलीतच राहिला. सागवान, अक्रोड आणि आम्ही.

पहिल्या तालमीला व्हायोलिनांनी सुरुवात केली. मी श्वास घेतला, कागदावरचा पहिला स्वर बघितला आणि गायले. सगळे थांबले. मी अर्धा स्वर वर गात होते.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांच्या सुरात शिरले, पण चौथ्या ओळीला कागदाकडे नजर गेली आणि गळा परत वर निघून गेला.

हे कसं होतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटेल की बाईंचा कान कच्चा. उलटं आहे. माझा कान नको तितका पक्का. माझे वडील नगरला आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. मी चार वर्षांची असल्यापासून ते पाठीमागून एखादी पट्टी दाबत आणि मी तिचं इंग्रजी नाव सांगे. चुकत नसे. तेव्हापासून कागदावर डी लिहिलेला दिसला की माझ्या गळ्यातून आजच्या पियानोचा डीच निघणार. पण ही जुन्या पद्धतीची मंडळी सगळंच अर्धा स्वर खाली लावतात, त्या काळी पुष्कळ ठिकाणी सूर तसा खाली होता म्हणून. त्यांच्या वाद्यावरचा डी हा माझ्या कानाला डी नव्हताच. मी हे वाचलं होतं. व्याख्यान दिलं असतं. पण आयुष्यभर गायले ते चर्चच्या ऑर्गनबरोबर आणि शाळेच्या पियानोबरोबर, आणि चार महिने घरच्या कीबोर्डबरोबर. गळ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

विलेम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने कॅलेंडर बघितलं, दोन आठवडे आहेत म्हणाला, आणि पुढच्या तालमीपासून मारिसेल नावाची एक फिलिपिना मुलगीही येईल, तयारीत राहायला. मुलगी म्हणजे तिशीची. एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. आवाज चांगला, वाचन चांगलं. तिने तेच गाणं तयार करायचं आणि मी चुकले तर उभं राहायचं.

बाहेर दाऊदभाई चहा घेऊन उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाले, "बाई, माप चुकला तर लाकूड फुकट जातो. तुमचा तर नुसता आवाज गेला. परत काढा."

मी पहिला उपाय केला तो माझ्या स्वभावाचा. आख्खं गाणं अर्धा स्वर खाली नव्याने लिहून काढलं, स्वच्छ अक्षरात, दोन दिवस लागले. आता कागद आणि वाद्यं एकाच जागी आली. दुसऱ्या तालमीला पहिला भाग उत्तम झाला, दुसरा झाला. तिसऱ्या भागात, जिथे जागा घ्यायच्या, तिथे गळ्याने चार महिन्यांची सवय ऐकली आणि माझी नक्षी व्हायोलिनांच्या वरून अर्ध्या स्वराने फिरायला लागली. भिंतीवर फ्रेम वाकडी असली की कसं दिसतं, तसं ते ऐकू येतं. मारिसेल कोपऱ्यात खाली बघत बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती याचाच मला जास्त राग आला.

त्या दिवशी परत येताना मी ठरवलं की विलेमला फोन करून स्वतःच सोडायचं. त्याने काढण्यापेक्षा बरं दिसेल.

आमच्या मजल्यावर समोर शैला राहायची. मूळची सांगलीची, घरून मराठी डबे द्यायची, आणि मंडळाच्या गणपतीत नाट्यगीतं गायची. मी तिची पोळी-भाजी अकरा वर्षं खाल्ली होती आणि गाणं मात्र नम्रपणे टाळ्या वाजवून ऐकलं होतं, यापलीकडे काही नाही. आमच्या नगरच्या चर्चमध्येही पेटीवर मराठी भजनं होत, सुंदर होत, पण मी ऑर्गनच्या बाजूची. पेटीच्या बाजूला बसले नाही. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

डबा द्यायला आली तर माझा चेहरा बघून आत आली आणि खुर्ची ओढून बसली. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझा सा कुठला?"

मी म्हटलं, मला सा वगैरे नाही, माझं गाणं डी मायनरमध्ये आहे.

"ते कागदाचं झालं. तू कुठे उभी आहेस?"

मी कीबोर्डवर वाद्यवृंदाचा मूळ स्वर दाबून दाखवला.

"ही काळी एक," शैला पेटीवाल्यांच्या भाषेत म्हणाली. "आणि तुझा आधीचा कागद म्हणतो पांढरी दोन, तुझा तो डी. अगं बाई, चार महिने तू कागदाला सूर विचारत होतीस होय? माझा सा काळी पाच आहे. उद्या पेटीवाला म्हणाला माझी काळी चारच वाजते, तर मी चारवर गाईन. गाणं तेच राहतं की."

मग तिने पेटी आणली. मला गाणं शब्दांशिवाय गायला लावलं आणि त्याची सरगम लिहून न घेता तोंडाने सांगत गेली. कोमल ग, कोमल ध, नी शुद्ध. दोनदा ऐकल्यावर म्हणाली हा तर किरवाणी रागाच्या घरातला दिसतो. दुसऱ्या भागात मात्र गाणं आपलं ठाणं सोडून दुसऱ्या स्वरावर जाऊन बसतं, युरोपियन संगीतात हे नेहमीचं आहे, तर ती चिडली. "मध्येच सा बदलला तुमच्या लोकांनी? पाहुणे जेवायला बसलेत आणि यजमान उठून शेजारी गेला?" शेवटी तिने तोड काढली, की जाताना ग ला सा म्हणायचं आणि येताना निमूट घरी यायचं.

कागद तिने कीबोर्डखाली सरकवला. शाळेतून आले की मी तिच्या स्वयंपाकघरात जायची. ती पन्नास पोळ्या लाटायची आणि मी सा म्हणायची. रोज ती वेगळी पट्टी द्यायची. आज पांढरी एक. आज काळी दोन. मुद्दाम. पहिले तीन दिवस माझा कान ओरडून सांगत होता की हे खोटं आहे, या स्वराचं नाव दुसरं आहे. जवळजवळ पन्नास वर्षांची शिस्त आडवी येत होती. चौथ्या दिवशी तो दमला असावा. पाचव्या दिवशी मी पूर्ण गाणं गायले आणि कुठल्या पट्टीत गायले ते मला सांगता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. शैलाने लाटणं खाली ठेवलं नाही, नुसतं म्हणाली, "आता गाणं वाटतंय. इतके दिवस निबंध वाचत होतीस."

तिसऱ्या तालमीत मी हातात फाइल घेतली, पण उघडली नाही. एकही चूक झाली नाही. विलेमने डोकं हलवलं आणि तरीही मारिसेलला कार्यक्रमाला ड्रेस घेऊन यायला सांगितलं. मला ते आवडलं नाही, पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

कार्यक्रम शनिवारी पाच वाजता होता. हार्प्सिकॉर्ड दाऊदभाईंच्या टेम्पोतून गाद्यांमध्ये गुंडाळून आला. शाळेच्या हॉलचा एसी सकाळपासून चालू ठेवायला आम्ही तीनदा सांगितलं होतं. कोणीतरी दुपारी तो बंद केला, वीज वाचवायला. चारला आम्ही पोचलो तेव्हा हॉल गरम, आणि वाद्य पार उतरलेलं. विलेमने घाईने ते लावायला घेतलं, पण त्याला पूर्ण वर आणायला वेळ नव्हता, तारा तुटायची भीती होती. त्याने मधलाच एक सूर पक्का केला आणि व्हायोलिनांना तिथे यायला सांगितलं. म्हणजे आता माझा सा ना पांढरी दोनवर होता, ना काळी एकवर. पेटीवर सापडलाच नसता असा कुठेतरी.

विलेम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, की मारिसेल तयार आहे, तुम्हाला नको असेल तर मी समजू शकतो. तो सभ्यपणे दार उघडून देत होता. मागे तिसऱ्या रांगेत मारिसेल मांडीवर ड्रेसची पिशवी घेऊन बसली होती.

मी त्याला म्हटलं, मला फक्त एकदा मूळ स्वर वाजवून दाखवा आणि थोडा वेळ धरा. त्याने धरला. मी डोळे मिटून त्याला सा म्हटलं. दोनदा म्हटलं. मग मी गाईन म्हणाले.

पहिला भाग गेला. दुसऱ्या भागात ग ला सा म्हणून गेले आणि घरी आले. तिसरा भाग आला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या तीन पानांतल्या, तारखा घातलेल्या जागा मला आठवतच नाहीत. भीती वाटायला हवी होती. पण गळा पुढे गेला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो वरच्या स्वरावर जाऊन थांबला, तिथून सावकाश, पायरीला हात लावत लावत खाली आला, आणि सा वर न टेकता खालच्या नी ला शिवून मग घरी आला. हे मी लिहिलेलं नव्हतं. शैलाने शिकवलेलंही नव्हतं. चेलोवाल्याने मान वर करून बघितलं आणि माझ्यासाठी जरा थांबला. इतक्या वर्षांत गाण्यात कोणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं.

शैला आली होती, डबे लवकर उरकून, तुमच्या आजोबांच्या शेजारी बसली होती. मध्यंतरात माझ्याकडे बघून तिने फक्त मान डोलावली आणि समोशांच्या टेबलाकडे गेली. पुढे चार वर्षांनी ती सांगलीला परत गेली. तिच्याकडून एक तरी नाट्यगीत पुरतं शिकायला हवं होतं, ते राहिलं. मी त्या वाद्यवृंदात नंतर अकरा वर्षं गायले, मस्कतला आणि बहरीनलाही जाऊन आले, आणि चौसष्टाव्या वर्षी, आवाज अजून सरळ असताना, थांबले. फेमस झाले नाही. न ओशाळता कोणालाही तोंड दाखवता येईल एवढं गायले.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या कॉरिडॉरमध्ये गेले. मारिसेल तिथे होती. ड्रेस पिशवीतून काढला होता आणि पुन्हा नीट घडी घालत होती, बाह्या आत दुमडून. दोन आठवडे दवाखान्यातून सुटून, दोन बस बदलून ती उम्म अल कुवैनला येत होती, ते गाणं पूर्ण तयार करून, आणि तिने त्यातला एक स्वरही कोणापुढे गायला नव्हता. मी इतके दिवस तिच्याकडे फक्त धोका म्हणून बघितलं होतं. सॉरी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

तीच बोलली. "मॅम, रिपीटमध्ये, सेकंड लाइनला तुम्ही जे केलंत ते मला लिहून द्याल?"

मी पर्समधून पेन्सिल काढली. तिच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे स्वर लिहायच्या पाच रेघा मारल्या, आणि थांबले. मला ते लिहिता येईना. कुठल्या स्वराचं नाव कुठे घालू? पेन्सिल परत ठेवली आणि तिला म्हटलं, लिहून नाही, माझ्यामागून म्हण. आणि आम्ही दोघी तिथेच, मुलांच्या दप्तरांच्या खुंट्यांखाली, हळू आवाजात म्हणायला लागलो. मी एक तुकडा, मग ती.

तेवढ्यात विलेम आला. हातात डायरी उघडी होती. पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ताच ठरवू या, म्हणाला, तुमच्या सोयीने. तो जे सांगायला आला होता ते ऐकायला मी तीस वर्षं इथे वाट बघितली होती.

मी त्याला म्हटलं, "विलेम, टू मिनिट्स."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मारिसेलला खालचा नी सापडत नव्हता, तिसऱ्यांदाही चुकला. चौथ्यांदा तो तिने बरोबर घेतला, आणि घरी येता येता आपल्या मनाने एक लहानसं वळण जोडलं. मग चूक झाली असं वाटून तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "नो, नो. कीप दॅट."